उजव्या हाताची कैफियत

पूर्ववयात असो वा उत्तरवयात, मनुष्यास एकदा गिटार शिकण्याची इच्छा उत्पन्न झाली की तो प्रथम आपल्या डाव्या हाताच्या काळजीस लागतो. आपली बोटे आखूड तर पडणार नाहीत, ऐन वेळी करंगळी दगा तर देणार नाही, पोलादी तारांनी बोटांची अग्रे सोलवटून निघाली तर कचेरीतले टंकलेखन कसे व्हायचे, अशा नाना शंका तो आधी स्वतःस विचारतो आणि स्वतःकडून समाधानकारक उत्तर न मिळाल्यामुळे मग शेजाऱ्यांस विचारतो. पुढे यथाकाल त्या बोटांच्या टोकांना घट्टे पडू लागले, म्हणजे ते घट्टे येणाऱ्याजाणाऱ्यापुढे धरून "दाबून पाहा, दाबून पाहा" असा आग्रह करतो. खोलीच्या भिंतीवर जो तक्ता लागतो तोही डाव्या हाताचाच असतो: सहा उभ्या रेघा, त्यांना छेदणारे आडवे फ्रेट, आणि कोणत्या बोटाने कोणत्या घरात बिऱ्हाड करावे हे दर्शविणारे काळे ठिपके. या सर्व धामधुमीत उजव्या हाताविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. तो बिचारा जन्मापासून घरातला. लिहिणे, जेवणे, कुलूप लावणे, रिक्षा थांबविणे ही कामे बिनतक्रार करीत आलेला. त्याला तारांवरून खालीवर फिरविण्यात शिकविण्यासारखे ते काय असणार, असा एक सार्वत्रिक समज आहे. आमच्या दप्तरांतूनही हा पक्षपात पूर्वापार चालत आला आहे. ज्या पक्षकारास सही करता येत नाही त्याच्याकडून खतावर अंगठा घ्यावयाचा तो डाव्याच हाताचा, आणि त्याच्या बाजूस 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असा शेरा मारून त्या अंगठ्याची कायमची नोंद ठेवावयाची, हा शिरस्ता कोणास ठाऊक नाही? तेव्हा उजव्या हाताच्या वतीने ही कैफियत दाखल करण्यास कोणी तरी पुढे येणे प्राप्तच होते. डावखुऱ्या वाचकांनी सर्वत्र 'उजवा' असेल तेथे 'डावा' वाचावे. मात्र अमेरिकेतील एलिझाबेथ कॉटन या विदुषीच्या शिष्यांनी काहीच वाचू नये, कारण त्या डावखुऱ्या बाईंनी उजव्यांसाठी तारा चढविलेली गिटारच उलटी धरून, खर्जाच्या तारा बोटांनी आणि चढ्या तारा अंगठ्याने छेडण्याची अशी काही रीत काढली की तेथे आमच्या कैफियतीचे अधिकारक्षेत्रच संपते.

वस्तुस्थिती अशी आहे की डाव्या हाताने कितीही सुबक आकार धरला तरी तो आकार मुका असतो. सी, एफ आणि जी या तीन कॉर्डांच्या भांडवलावर जगात किती गाणी उभी आहेत याची खानेसुमारी अद्याप झालेली नाही, आणि ती झाल्यास फार जणांची पंचाईत होईल. डावा हात या तीन ठाण्यांमध्ये ठराविक फेऱ्या मारीत असता, उजव्या हाताने मुख्य ठोके सोडून मधल्या फटींवरच तेवढे तुटक आघात केले तर श्रोता जमैकाच्या किनाऱ्यावर जाऊन उभा राहतो. अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवून उरलेल्या बोटांनी बारीक तारा झटकल्या तर १९२७ साली ब्रिस्टल येथे पहिल्या तबकड्या मुद्रित करणाऱ्या कार्टर कुटुंबातील मेबेलबाई आठवतात. आणि जॉनी कॅशप्रमाणे तारांच्या मधून कागद ओवून त्यांचा नाद दडपला तर जवळ ढोलवाला नसताही ढोल वाजल्याचा भास होतो. डाव्या हाताने या तिन्ही प्रसंगी काय निराळे केले? काही नाही. बो डिडली या गृहस्थाने तर १९५५ साली स्वतःच्याच नावाची जी तबकडी काढली, तीत डाव्या हातास जवळजवळ रजाच दिली आहे. गाणे बहुतांशी एका कॉर्डवर उभे, आणि सगळा चमत्कार आघातांचा: सोळा मात्रांची घरे आखली तर पहिले, चौथे, सातवे, अकरावे आणि तेरावे. तीन आघात ऐसपैस, दोन आटोपशीर. क्यूबाच्या वादकांना हा हिशेब फार पूर्वीपासून तोंडपाठ होता. बो डिडलीने तो विजेच्या गिटारीवर चढविला, आणि तेव्हापासून असंख्य मंडळी तो बिनभाड्याने वापरीत आहेत.

युकुलेलेच्या बाबतीत हा अन्याय अधिकच डोळ्यांत भरतो, कारण तेथे डाव्या हातास करावयास असे फारसे नसतेच. सी ही कॉर्ड एका बोटात निघते. उरलेली तीन बोटे मान्यवर पाहुण्यांसारखी नुसती उपस्थित असतात. या वाद्याचा पूर्वेतिहास असा की ऑगस्ट १८७९ मध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज मदिरा बेटावरून चारशेहून अधिक पोर्तुगीज माणसे घेऊन होनोलुलू बंदरास लागले. ही माणसे उसाच्या मळ्यांवर कराराने राबण्यास आली होती. त्यांच्यात मानुएल नुनेस, ऑगस्तो दियास आणि जुझे दु इश्पिरितु सांतु हे तीन लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. मळ्याचा करार पुरा होताच त्यांनी ऊस सोडून करवत धरली, आणि आपल्या बेटावरच्या माशेत नामक चार तारांच्या इवल्याशा वाद्यावरून तिथल्या कोआ लाकडाचे जे बाळ घडविले ते हवाईच्या कालाकाउआ राजास इतके आवडले की त्याला दरबारात प्रवेश मिळाला. राजाश्रय मिळाल्यावर वाद्याचे भाग्य उघडते हे आपल्याकडेही आपण पाहिले आहे. पण मला या वाद्याच्या कुळापेक्षा त्याच्या तारांची मांडणी अधिक विचार करायला लावते. गिटारीच्या सहा तारा जाडीच्या क्रमाने लागलेल्या असतात. वादकाच्या हनुवटीकडची सर्वांत जाड, गुडघ्याकडची सर्वांत बारीक, आणि दोहोंच्या स्वरांत दोन सप्तकांचे अंतर. म्हणून गिटारीवर हात खाली आला की आघात खर्जापासून सुरू होऊन भारदस्त उमटतो, आणि वर जाताना तो दोनतीन बारीक तारांना नुसता पुसून जातो. उतार आणि चढ हे कानाला आपोआप निराळे कळतात. युकुलेलेत हनुवटीकडची तार खर्जाची नसतेच. ती चांगली उंच स्वराची, गुडघ्याकडच्या तारेहून जेमतेम एक स्वर उतरलेली. दोन्ही कडांना उंच स्वर आणि मध्ये ठेंगणे. त्यामुळे हात वरून खाली आणा की खालून वर न्या, आरंभी उंच स्वरच लागतो, आणि दोन्ही आघात जुळ्या भावांसारखे ऐकू येतात. म्हणजे येथे आघाताची दिशा श्रोत्याला काहीच सांगत नाही. सांगावयाचे ते सर्व वजनाने सांगावे लागते. उतरताना तर्जनीचे नख, चढताना तिचा मांसल भाग, ठिकाण नादरंध्राच्या वर नव्हे तर मान आणि पेटी जेथे जुळते त्याच्या आसपास, आणि हालचाल कोपरातून नव्हे, मनगटातून. वाद्य एवढेसे, पण उजव्या हातावर त्याने लादलेली कलमे पाहा.

गिटारवाला मात्र नखावर विसंबत नाही. तो 'पिक' बाळगतो. स्ट्रमिंगला पातळ पिक चांगला, जाड पिक तारांत अडखळतो, हे शास्त्र. परंतु पिक बाळगणे म्हणजे पिक हरविणे, हे त्याहून जुने शास्त्र होय. तो सोफ्याच्या फटीत जातो, धोब्याकडे जातो, आणि यांपैकी कोठेही न गेला तर गाण्याच्या ऐन रंगात बोटांतून निसटून गिटारीच्या भोकात जातो. मग वादक तेवढ्यापुरते संगीत तहकूब करून गिटार डोक्यावर पालथी धरतो आणि गदागदा हलवू लागतो. आतला पिक खडखडत सगळीकडे फिरतो, भोकाच्या तोंडाशी येऊन परत जातो, आणि यजमानीणबाई चिंतातुर होऊन "काही तुटलं का हो?" असे विचारतात. माझ्या परिचयातील एका तरुणाने या उपद्रवावर तोडगा म्हणून मुदत संपलेल्या बँकेच्या कार्डातून कात्रीने नवे पिक कापून घेतले. त्या कार्डावर पूर्वी त्याने जी उधळपट्टी केली होती तिच्या मानाने हा व्यवहार फार किफायतीचा ठरला.

आता मूळ तक्रारीकडे वळू. स्ट्रमिंगचा पॅटर्न शिकवायचा म्हणजे काय करतात? कागदावर बाण काढतात. खाली बाण, खाली बाण, वर बाण, वर बाण, खाली बाण, वर बाण. आणि म्हणतात, करा पाठ. ही पद्धत आजकालच्या मास्तरांनी शोधून काढली असे समजून त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. १६०६ साली फ्लोरेन्स येथे जिरोलामो मोन्तेसार्दो याने गिटारीच्या वादनाचे पुस्तक छापले त्यातच एक आडवी रेघ ओढून तिच्या खाली व वर खुणा मांडण्याची युक्ती आहे. खाली खूण म्हणजे हात खाली, वर खूण म्हणजे हात वर. पुढे स्पेनमध्ये गास्पार सांझने १६७४ साली सारागोसास जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यातही हात कसा चालवावा याचे पाठ आहेत. तात्पर्य, चार शतके आपण विद्यार्थ्यास बाण दाखवीत आहोत, आणि चार शतके विद्यार्थी बाण पाहून गांगरत आहे. कारण सरळ आहे. सहा बाण एका रांगेत समान अंतराने छापले की विद्यार्थी सहाही आघात समान अंतराने वाजवितो, आणि जे ऐकू येते त्यास पॅटर्न म्हणत नाहीत, खोदकाम म्हणतात. हात कोणीकडे गेला हे बाण सांगतो. केव्हा गेला, आणि गेलेला हात मध्यंतरी कोठे होता, याचा खुलासा तो करीत नाही.

हाच सहा बाणांचा पॅटर्न घ्या, कारण गिटारीच्या वर्गात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकास पहिल्या महिन्याच्या फीमध्ये हा मिळतोच: डाऊन, डाऊन, अप, अप, डाऊन, अप. आमच्या सोसायटीत रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून निवृत्त झालेले एक स्नेही आहेत. त्यांनी निवृत्तीनंतर गिटार घेतली, आणि त्यांची युकुलेले वाजविणारी नात त्यांना शिकवू लागली. ज्या मनुष्याने सारी हयात अप आणि डाऊन गाड्यांचा बंदोबस्त करण्यात घालविली त्यास हा पॅटर्न सहज यावा अशी सर्वांची अपेक्षा होती. तो येईना. त्यांच्या दिवाणखान्यातून सायंकाळी जो संवाद ऐकू येई त्याचे स्वरूप सामान्यतः असे असे.

"आजोबा, हात थांबवू नका."

"थांबवू नको तर काय करू, बाळ? एक अप गेली. आता लगेच दुसरी अप म्हणतेस. हात आधीच वर आहे. त्याच्याही वर कुठं नेऊ, पंख्याला लावू?"

"खाली आणा ना. पण तारांना लावू नका."

"तारांना लावायचा नाही तर खाली आणायचा कशाला?"

या प्रश्नावर नातीने जो सुस्कारा टाकला तो मजल्यावरच्या सर्व बिऱ्हाडांना ऐकू गेला. परंतु आमचे स्नेही बुद्धिमान गृहस्थ. काही वेळ ते स्तब्ध बसले, आणि मग त्यांच्यातला कंट्रोल ऑफिसर जागा झाला. "म्हणजे रिकामा रेक!" ते उद्गारले. "असं सांग की मग. एक अप सीएसटीला पोचली. लगेच दुसरी अप सोडायची तर मधल्या वेळात गाडी रिकामी खाली आणली पाहिजे. प्रवासी नाहीत, पण गाडी धावतेच!" आणि खरोखर, या पॅटर्नचे मर्म इतक्या स्पष्टपणे मांडलेले मी कोठे वाचलेले नाही. हात चार ठोक्यांत आठ फेऱ्या करतो, चार खाली आणि चार वर, घड्याळासारखा, न थांबता. त्यांतील सहा फेऱ्यांत तो तारांना भेटतो आणि दोन फेऱ्या रिकाम्या धावतात. पहिल्या दोन डाऊनच्या मधली अप रिकामी; दोन अपच्या मधली डाऊन, म्हणजे नेमका तिसरा ठोका, रिकामी. बाणांच्या रांगेत या दोन रिकाम्या फेऱ्यांची नोंद नसते, म्हणून शिकाऊ वादक तेथे हात थांबवून विचार करू लागतो, आणि हात थांबला की वेळापत्रक कोसळते. युकुलेलेवाले हेच सहा आघात 'डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप' असे तोडून म्हणतात आणि त्यास आयलंड स्ट्रम असे स्वतंत्र नाव देतात. आघात तेच, क्रम तोच. परंतु स्वल्पविराम योग्य जागी पडल्याने स्मरणशक्तीस धरावयास कठडा मिळतो.

हा शोध लागल्याच्या आनंदात आमचे स्नेही नातीला उपनगरी वाहतुकीचे सर्व नियम समजावून सांगण्याच्या बेतात असता, स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, हात पुसत बाहेर आल्या. वहिनी अनेक वर्षे भजनी मंडळात जातात. गिटारीस त्यांनी त्यापूर्वी एकदाच हात लावला होता, तोही तिच्यावरची धूळ झटकण्यासाठी. त्या म्हणाल्या, "अहो, इतके दिवस ऐकतेय मी. अप काय, डाऊन काय, रेक काय! केरवाच तर आहे हा." आणि त्यांनी मांडीवर टाळी दिली, पहिलीला हात वाजला, आणि पाचवीला तोच हात उलटा होऊन हवेत अलगद सुटला. "पाचवीला खाली. हात जातो, पण वाजत नाही. यात कठीण काय आहे मेलं?"

मी हे दृश्य समक्ष पाहिले आहे, आणि तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की आपल्या लोकांस स्ट्रमिंग शिकविताना बाणांचा कागद प्रथम जप्त करावा. चार ठोके, प्रत्येकाचे दोन भाग, म्हणजे आठ मात्रा. तिसरा ठोका म्हणजे पाचवी मात्रा. आणि केरव्याची खालीही पाचवीवरच. परदेशी मास्तर ज्या रिकाम्या फेरीसाठी विद्यार्थ्याशी झगडतो ती फेरी टाळी-खाली धरणाऱ्या कोणत्याही आजीबाईच्या हातात लहानपणापासून मुरलेली असते. न वाजविण्यासाठी हात हलविणे ही गोष्ट आपण तालाच्या शास्त्रात सन्मानाने बसविली, तिला खूण दिली, जागा मुक्रर करून दिली. आता कोणी चोखंदळ वाचक अशी हरकत घेईल की तबलजी खालीवर गप्प बसत नाही, तो तेथे डग्ग्याची घुमार तेवढी काढून घेतो. हरकत मान्य. मी हातावर धरलेल्या तालाविषयी बोलत आहे. तबलजींची कैफियत निराळी, आणि ती ऐकून घेण्यास पुष्कळ वेळ लागेल.

दुसरी गोष्ट अशी की आपल्याकडे बोल प्रथम तोंडात बसतो आणि मग हातात उतरतो. तबल्याचे पढंत तर सर्वश्रुतच आहे. पण आघातांचा पॅटर्न बोलून पाठ करण्याचा दाखला तंतुवाद्यातच हवा असेल तर सतारीकडे पाहावे. अठराव्या शतकात दिल्लीच्या मसीतखानांच्या नावाने विलंबित गतीचा जो साचा रूढ झाला, तो दिर दा दिर दा रा दा दा रा असा. आठ मात्रांचा हा बोल दोनदा फिरला की तीनतालाच्या सोळा मात्रा भरतात, आणि गत बाराव्या मात्रेवरून उठते. हा सतारीचा स्ट्रमिंग पॅटर्नच नव्हे काय? बाणाने नव्हे, तोंडाने तो दोनअडीचशे वर्षे टिकला. सतारीचा विद्यार्थी बसमध्ये, भाजीच्या रांगेत, रात्री अंथरुणात दिर दा दिर दा पुटपुटतो आणि घरच्यांना त्यात वावगे वाटत नाही. 'डाऊन डाऊन अप अप' असे पुटपुटणाऱ्या मनुष्याकडे मात्र बसमधले सहप्रवासी जरा सरकून बसतात.

ही अडचण वहिनींनीच दूर केली. नातीने त्यांना सहा आघातांची जागा टाळीवर मोजून दाखविली, तेव्हा त्यांनी क्षणभर ओठ हलविले आणि म्हणाल्या, "या... बसा... चहा घ्या." वाचकांनी हे वाक्य हाताने ताल धरून म्हणून पाहावे. पहिल्या ठोक्यावर 'या', आणि नंतर अर्धा ठोका विसावा. दुसऱ्या ठोक्यावर 'ब', त्याच्या उत्तरार्धात 'सा'. तिसरा ठोका रिकामा. त्याच्या उत्तरार्धात 'च', चौथ्यावर 'हा', आणि शेवटच्या अर्ध्यात 'घ्या'. सहा अक्षरे, सहा आघात, दोन रिकाम्या जागा, सर्व जेथल्या तेथे. एकही बाण नाही. शिवाय यात जे सामाजिक सत्य आले आहे ते मोन्तेसार्दोच्या पुस्तकात सापडणार नाही. 'बसा' आणि 'चहा घ्या' यांच्या मधला तो रिकामा ठोका प्रत्येक मराठी घरात असतो. पाहुण्याने तेवढ्या अवकाशात "आत्ताच घेऊन निघालो" असे म्हणावे, अशी क्षीण आशा यजमान त्या ठोक्यावर बाळगून असतो; पुण्यात तो ठोका किंचित लांबतो, एवढाच स्थानिक फरक.

यजमानाचा पॅटर्न बसल्यावर आमच्या स्नेह्यांनी त्याच उत्साहात पाहुण्याचाही बसविला. तीन ठोक्यांच्या गाण्यास, म्हणजे पाश्चात्यांच्या वॉल्ट्झसारख्या चालीस, 'डाऊन, डाऊन-अप, डाऊन-अप' असा सरळ पॅटर्न लागतो, त्यास त्यांनी शब्द दिले, "छे, नको, नको." पहिल्यावर 'छे', दुसऱ्यावर व तिसऱ्यावर 'नको'. सहा मात्रांचा हिशेब झाला म्हणून आपण त्यास दादरा म्हणू. जाणकारांच्या समाधानासाठी येथेच कबूल करतो की दादऱ्याचे खंड तीन-तीनाचे पडतात आणि वॉल्ट्झचे दोन-दोन-दोनाचे, पण बेरीज कोणत्याही न्यायालयात सहाच येईल.

येथवर सर्व ठीक होते. परंतु कोणताही पॅटर्न एकदा हातात बसला की तो वहिवाटीने मालकी सांगू लागतो. 'या, बसा, चहा घ्या' ज्याच्या मनगटात शिरले त्यास मग प्रत्येक गाणे चहाचे दिसू लागते. प्रेमगीत असो, अंगाई असो, गणपतीची आरती असो, त्याचा हात तेच आमंत्रण देत सुटतो. गिटारीच्या वर्गांतून आज जी तरुण मंडळी बाहेर पडत आहेत त्यांच्यातली पुष्कळशी याच एका सनदेवर सर्व मुलूख चालवितात, आणि चौथे गाणे ऐकेपर्यंत श्रोत्यास आपण पहिलेच ऐकत आहोत असे वाटू लागते. यावर उपाय म्हणून काही मास्तर पन्नास-पन्नास पॅटर्नांच्या याद्या देतात. मला तोही अतिरेक वाटतो. तीनचार पॅटर्न, आणि कोणत्या आघातावर वजन टाकावे याचा विवेक, एवढ्यावर मनुष्याचा जन्म सुखाने जाईल. कित्येकांचा तर एकावरच गेला आहे. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन नावाचा गिटारवादक १९३७ साली रुजू झाला आणि १९८७ साली मृत्यू येईपर्यंत, मधला किरकोळ खंड सोडता, तेथेच राहिला. खुद्द बेसी १९८४ साली निवर्तले तरी हा आपल्या खुर्चीवरून हलला नाही. पन्नास वर्षे त्याचे काम एकच: प्रत्येक आवर्तनास चार ठोके, आणि चारही ठोक्यांवर हात खाली. डाऊन, डाऊन, डाऊन, डाऊन. अपचा मोह नाही, एकलवादनाची हाव जवळजवळ नाहीच, आणि भोवती पितळी वाद्यांचा गडगडाट चालू असता स्वतःच्या गिटारीस विजेची जोडही नाही. श्रोत्यांना तो क्वचितच वेगळा ऐकू येई. परंतु त्या चार ठोक्यांवर बाकीचा सगळा ताफा पाय रोवून उभा असे. आमच्या स्नेह्यांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा ते गहिवरले. "सगळ्या डाऊन!" ते म्हणाले. "आणि अपला एकही प्रवासी नाही. म्हणजे चार रेक रोज रिकामे परत! पन्नास वर्षं हिशेब कुणी तपासला नाही?"

यानंतर कोजागरी आली. सोसायटीच्या गच्चीवर दरसाल गाणी होतात, आणि या खेपेस कार्यक्रमपत्रिकेत आमच्या स्नेह्यांची गिटार होती. तळमजल्यावरचे एक निवृत्त मुख्याध्यापक गाणार होते. मुख्याध्यापकांचा गळा गोड, स्वभाव निश्चयी. त्यांनी जे भावगीत निवडले होते ते अस्सल दादऱ्यातले, हे कोणी गिटारीस कळविले नव्हते, आणि कळविले असते तरी त्या संध्याकाळी भरल्या गच्चीसमोर स्नेह्यांच्या मनगटात चहाखेरीज दुसरे काही उरले नव्हते. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून सहात गायला आरंभ केला. स्नेह्यांनी तितक्याच निष्ठेने आठात साथ धरली. पहिल्या आवर्तनास गायक समेवर पोचला तेव्हा गिटार नुकती 'चहा' म्हणत होती. दुसऱ्यास गायक समेवर आला तेव्हा गिटार त्या रिकाम्या ठोक्यात हात हलवीत उभी. तिसऱ्यास तो समेवर आला, तर गिटार तिसऱ्यांदा 'बसा' म्हणत होती. नातीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. श्रोत्यांत चुळबुळ सुरू झाली. माझ्या शेजारी बसलेले शाळेतले गणिताचे शिक्षक मात्र अविचल होते, ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "काळजी नको. सहा आणि आठ यांचा लसावि चोवीस." आणि तसेच झाले. गिटारीचे तिसरे 'या, बसा, चहा घ्या' संपले त्याच क्षणी मुख्याध्यापकांचे चौथे आवर्तनही संपले, दोघे एका वेळी समेवर आदळले, दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिले, आणि सबंध गच्चीने "वा!" म्हणून दाद दिली. तीनदा आग्रह आणि चारदा नकार एवढे झाल्यावर पाहुणा मान्य करतोच, असे ठरवून वहिनी उठल्या आणि त्यांनी मसाला दुधाच्या पातेल्यावरचे झाकण काढले.